बाटली कधी दहा दिवस, कधी पंचवीस दिवस: सासूबाईंचं इन्सुलिन नेमकं कुठे चुकतंय?

पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार.

मी माण तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत, चौदा वर्षांपासून शुगर आहे. दोन वर्षांपूर्वी पायाला जखम झाली म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी ॲडमिट केलं होतं, तिथं इन्सुलिन सुरू झालं. तीस-सत्तरचं. घरी सोडताना सकाळी १६ आणि रात्री १२ असं लिहून दिलं. पुढं आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी शुगर वाढलेली बघून सकाळी २० आणि रात्री १८ केलं. सोबत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या गोळ्या आहेत. तरी उपाशीपोटीची शुगर २३०-२५० येते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली, ती १०.२ आली.

आणि दुसरीकडं, दोन महिन्यांत दोनदा रात्री अडीच-तीनला त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, काहीतरी असंबद्ध बोलत होत्या. साखरपाणी दिल्यावर बऱ्या झाल्या. शुगर एवढी जास्त असताना असं कसं होतं?

इंजेक्शन मी भरते, त्या स्वतः पोटावर घेतात. बेंबीच्या दोन्ही बाजूंना मऊ गाठी आल्यात. तिथं दुखत नाही म्हणून त्या तिथंच टोचतात. फ्रीज आहे, पण लाइट सारखी जाते. बाटली सरकारी दवाखान्यातून मिळते. सिरिंज मेडिकलमधून आणतो, कधी लाल टोपणाची मिळते, कधी केशरी. एक बाटली कधी दहा-अकरा दिवसांत संपते, तर कधी पंचवीस दिवस जाते. मेडिकलवाले म्हणतात तुम्ही डोस चुकवता. मी चुकवत नाही हो. फक्त एकादशी आणि चतुर्थीला सासूबाई इन्सुलिन घेत नाहीत.

शेजारच्या काकू म्हणतात इन्सुलिन लागलं की संपलंच, त्यांच्या भावाचा पाय काढावा लागला. मालक म्हणतात बंद करा. दीर पुण्याला असतात, ते म्हणतात गावच्या डॉक्टरांना यातलं कळत नाही, आईला इकडं आणा, इन्सुलिनचं पेन लावू. मी काय करू?

— एक सून

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात अर्ध्याहून जास्त उत्तर आहे. बाटली कधी दहा-अकरा दिवसांत संपते आणि कधी पंचवीस दिवस जाते, हे तुम्ही लक्षात ठेवलंत आणि लिहिलंत, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. मेडिकलवाल्यांचा आरोप मनावर घेऊ नका. तुम्ही डोस चुकवत नाही आहात. डोस चुकतोय, पण तो सिरिंजमध्ये.

आपण हिशोब मांडू. सरकारी दवाखान्यात मिळणारी इन्सुलिनची बाटली साधारणपणे १० मिलीची असते आणि तिच्यावर ‘४० आययू प्रति मिली’ असं छापलेलं असतं. आययू म्हणजे युनिट. म्हणजे एका बाटलीत ४०० युनिट. सासूबाईंना रोज सकाळचे २० आणि रात्रीचे १८ मिळून ३८ युनिट लागतात. ४०० ला ३८ ने भागलं की साडेदहा येतात. बाटली दहा-अकरा दिवसांत संपली, तर लिहिलेला डोस शरीरात गेला. पंचवीस दिवस पुरली, तर निम्म्याहूनही कमी गेला.

आता सिरिंज. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी बनवलेली असते. केशरी टोपणाची १०० च्या इन्सुलिनसाठी असते, म्हणजे ज्याच्या एका मिलीत १०० युनिट असतात त्यासाठी. घरात दोन्ही असतील तर आत्ता शेजारी शेजारी धरून बघा. १ मिलीच्या लाल सिरिंजमध्ये २० ची रेघ बरोबर मध्यावर असते, नळी अर्धी भरते. तेवढ्याच मापाच्या केशरी सिरिंजमध्ये २० ची रेघ पाचव्या हिश्श्यावरच येते. दोन्हीवर आकडा २० च आहे, पण ४० च्या बाटलीतलं औषध लाल सिरिंजने घेतलं तर २० युनिट जातात आणि केशरीने घेतलं तर फक्त ८. रात्रीचे १८ घ्या. लालमधून १८ जातात, केशरीमधून सात. केशरी सिरिंजने दोन्ही वेळ भरलं तर बाटली किती दिवस पुरेल तेही मी काढून पाहिलं. सव्वीस दिवस. तुमचे पंचवीस दिवस इथून आलेत.

यावरून रात्रीच्या घामाचा अंदाज बांधता येतो. केशरी सिरिंज चालू असताना सासूबाईंना निम्मंही इन्सुलिन मिळत नव्हतं, साहजिकच शुगर अडीचशेवर गेली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसमोर फक्त तो आकडा आला. त्यांनी डोस वाढवला, रात्रीचा १२ चा १८ केला. कोणत्याही डॉक्टरने तेच केलं असतं. मग कधीतरी मेडिकलमध्ये लाल सिरिंज मिळाली आणि ज्या शरीराला रात्री पाच-सात युनिटची सवय होती, त्यात एकदम पूर्ण १८ गेले. तीस-सत्तर इन्सुलिनमधला सत्तर टक्के भाग सावकाश काम करणारा असतो आणि त्याचा जोर टोचल्यापासून चार-पाच तासांनी वाढत जातो. रात्री आठ-साडेआठला घेतलेलं इन्सुलिन मध्यरात्रीनंतर भरात येतं. अडीच-तीनचा घाम तिथं जुळतो. त्या दोन रात्री घरात कोणत्या रंगाचं टोपण होतं, ते आठवून बघा.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, ती नीट वाचा. हे सगळं कळल्यावर ‘चला, आजपासून लालच वापरू’ म्हणून २० आणि १८ सरळ द्यायला सुरुवात करू नका. हा वाढलेला डोस चुकीच्या मापावर बेतलेला असू शकतो, तो पूर्ण पडला तर पुन्हा रात्री शुगर उतरेल. इन्सुलिन बंदही करायचं नाही. डॉक्टरांना फोन करा, घरात कोणती सिरिंज आहे आणि रात्री दोनदा काय झालं ते सांगा, आणि रात्रीचा डोस किती घ्यायचा ते विचारा. उद्या सकाळी बाटली, दोन्ही प्रकारच्या सिरिंजा आणि सगळे जुने कागद पिशवीत घालून आरोग्य केंद्रात जा. डोस बहुधा खालून नव्याने बसवावा लागेल. यापुढे मेडिकलमध्ये सिरिंज मागताना बाटली सोबत न्या आणि ‘या बाटलीला चालणारी, ४० ची द्या’ असं म्हणा. नसेल तर दुसऱ्या दुकानातून आणा, पण केशरी घेऊन घरी येऊ नका.

याची उलट बाजू जास्त धोक्याची आहे आणि दीर पेनचं म्हणतायत म्हणून ती आत्ताच सांगते. पेनमध्ये बसणारं इन्सुलिन १०० चं असतं. कधी पेन बिघडलं, म्हणून त्यातलं औषध कुणी लाल सिरिंजने ओढलं आणि २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर ५० युनिट जातील. अडीचपट. यात जीव जाऊ शकतो. पेनचं इन्सुलिन पेननेच.

डिस्चार्ज कार्डावर ‘इन्सुलिन १६-०-१२’ एवढं लिहून माणसाला घरी पाठवणं हा अर्धवट उपचार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणती बाटली, कोणती सिरिंज, कुठे टोचायचं, जेवणाआधी किती वेळ, हे घरातल्या माणसाच्या हातात सिरिंज देऊन शिकवायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं तुमच्या वाट्याला आली नाहीत, त्यात तुमचा काही दोष नाही. म्हणून मीच थोडं सविस्तर सांगते.

पोटावरच्या गाठी. एकाच जागी वारंवार टोचलं, किंवा तीच सुई अनेक दिवस वापरली, की कातडीखालची चरबी तिथं जाड आणि रबरासारखी होते. तिथं संवेदना कमी असते म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस तिथंच टोचत राहतो. सासूबाईंचं अगदी हेच झालंय. अशा गाठीत गेलेलं इन्सुलिन रक्तात कधी सावकाश उतरतं, कधी कमी उतरतं, कधी अचानक उतरतं. डोस तोच, पण आज शुगर २५० आणि उद्या ७०, असा खेळ या गाठींमुळेही चालतो. उताणं झोपवून, हाताला थोडं तेल लावून पोट चाचपून बघा. दिसत नाहीत अशाही गाठी हाताला लागतात. लिहायच्या पेनाने त्यांच्याभोवती गोल करा आणि त्या गोलात निदान काही महिने सुई लावू नका. बऱ्याच जणांच्या गाठी विश्रांती दिल्यावर कमी होतात.

पोटाचे चार भाग कल्पा, बेंबीपासून दोन बोटं सोडून. एका भागात एक आठवडा, पुढच्या आठवड्यात पुढचा भाग, आणि रोजची सुई कालच्या जागेपासून बोटभर दूर. मांडीची बाहेरची बाजूही चालते. मात्र गाठीची जागा सोडून चांगल्या कातडीत टोचायला लागलं की तेच इन्सुलिन जास्त चांगलं लागू पडतं. म्हणजे सिरिंजइतकीच इथेही शुगर उतरण्याची भीती आहे. गाठींचं डॉक्टरांना आवर्जून दाखवा. जागा बदलताना ते डोस थोडा कमी करून देतील. सिरिंज आणि जागा या दोन्ही गोष्टी एकदम दुरुस्त होणार आहेत, त्यामुळे पहिला आठवडा रोज शुगर तपासायला हवी, आणि एकदोनदा रात्री तीनला उठूनही. ही एक तसदी घ्याच.

तीस-सत्तर इन्सुलिन दुधासारखं गढूळ असतं. बाटली ठेवून दिली की पांढरा साका खाली बसतो आणि वर निवळ पाणी राहतं. निवळ भागात लवकर काम करणारं इन्सुलिन असतं, साक्यात सावकाश काम करणारं. न मिसळता भरलं तर एका दिवशी एक जास्त आणि दुसऱ्या दिवशी दुसरं. भरण्याआधी बाटली दोन्ही तळहातांत धरून दहा वेळा घोळवायची, मग दहा वेळा सावकाश खालीवर करायची. जोरात हलवू नका, फेस होतो आणि माप चुकतं. सगळी एकसारखी पांढरी दिसली की भरा. घोळवूनही गुठळ्या राहिल्या, किंवा काचेला पांढरे कण चिकटलेले दिसले, तर ती बाटली वापरू नका.

तुमच्याकडचं हे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. भाकरीचं पीठ मळायला घेतलंत की इंजेक्शन, आणि भाकऱ्या झाल्या की लगेच ताट. इंजेक्शन घेऊन सासूबाई शेजारी बसायला गेल्या आणि जेवण दीड तासाने झालं, असं होऊ देऊ नका. इंजेक्शन घेतलं की जेवण टाळता येत नाही.

खरं तर एक सुई एकदाच वापरायची असते. ग्रामीण भागात एकच सिरिंज पाच-सात दिवस चालवतात, हे मला माहीत आहे, आणि त्यामागची पैशांची ओढाताणही. सिरिंजा सरकारी दवाखान्यातून मिळतात का, हे मागून बघा. एका माणसाची सुई दुसऱ्याला मात्र कधीही नाही, घरातली सख्खी माणसं असली तरी.

लाइट जाण्याची एवढी चिंता करू नका. चालू बाटली साध्या तापमानाला, म्हणजे साधारण ३० अंशांच्या आत, चार आठवडे टिकते, आणि तुमची तर योग्य सिरिंजने त्याआधीच संपणार आहे. न उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी उपयोगाचं राहत नाही. माणचा उन्हाळा मात्र कडक. चैत्र-वैशाखात दिवसदिवस लाइट नसेल तर एका मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, आणि वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल अशा जागी. वाळू ओली ठेवली की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंश खाली राहतं. पत्र्याच्या छपराखाली, चुलीजवळ किंवा खिडकीत उन्हाला बाटली ठेवू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न, पुणे की गाव.

माझं ठाम मत असं की सासूबाईंचं इन्सुलिन तुमच्या आरोग्य केंद्रातच नीट बसू शकतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. एवढ्या माणसांना शहरातले तज्ज्ञ पुरणार नाहीत, आणि बहुतेकांना त्यांची गरजही नाही. शुगरच्या पेशंटला महिन्यातून दोनदा भेटता येईल असा डॉक्टर लागतो. पुण्याचे डॉक्टर तीन महिन्यांनी भेटतील. तोवर मधल्या काळात डोस तसाच राहील, आणि इन्सुलिनचं खरं नुकसान तिथंच होतं. एकदा लिहिलेला डोस वर्षानुवर्षं तोच चालतो. शुगर चांगली नाही हे डॉक्टरांना दिसत असतं, पण वाढवला आणि रात्री काही झालं तर, या भीतीने हात आखडतो. ती भीती रास्त आहे, कारण घरच्या शुगरचे आकडेच समोर नसतात. महिन्यातून एकदा केलेल्या उपाशीपोटीच्या एका तपासणीवर दोन वेळचा डोस कसा ठरवणार?

म्हणून डॉक्टरांना आकडे तुम्ही द्यायचे. ग्लुकोमीटर घ्या. घेणं शक्य नसेल तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि आशाताईंकडे विचारा. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची शुगर आणि बीपी तपासण्याची व्यवस्था त्या पातळीवर केलेली आहे. एका शंभर पानी वहीत आडव्या रेघा मारून रोज तारीख, सकाळी उपाशीपोटी, रात्रीच्या जेवणाआधी, सकाळचा डोस, रात्रीचा डोस आणि काही वेगळं झालं असेल तर ते, एवढंच लिहा. आठवडाभर दोन्ही वेळा, नंतर एक दिवसाआड चालेल.

ही वही वाचायची कशी तेही समजून घ्या, कारण ते कळलं की भीती निम्मी होते. सकाळची उपाशीपोटीची शुगर ही आदल्या रात्रीच्या इंजेक्शनची पावती. रात्रीच्या जेवणाआधीची शुगर ही सकाळच्या इंजेक्शनची. सकाळची जास्त आणि रात्रीची ठीक असेल तर सकाळचा डोस वाढवून काही होणार नाही, रात्रीचा बघावा लागतो. डॉक्टर एका वेळी एकच डोस बदलतील, साधारण दोन युनिटने, आणि तीन-चार दिवस वाट बघून पुढचा बदल करतील. कुठलाही आकडा ७० च्या खाली गेला, तर वाढवण्याचा विचार बाजूला ठेवून आधी कमी करायचं. हा क्रम कधी मोडायचा नाही. रात्री तीनला शुगर उतरते आणि सकाळी मात्र जास्त येते असं वहीत दिसलं, तर रात्रीचा डोस वाढवणं ही घोडचूक ठरेल. तिथं इन्सुलिनचा प्रकार किंवा वेळ बदलावी लागते. अशा वेळी तुमचे डॉक्टर टेलिफोनवर किंवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून वरच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊ शकतात.

सासूबाईंचं वय, चौदा वर्षांचा मधुमेह आणि रात्रीचे दोन प्रसंग बघता उपाशीपोटी अगदी ९० च हवी असा हट्ट नको. सुरुवातीला १०० ते १५० च्या मध्ये आली तरी मला आनंद होईल. तीन महिन्यांची सरासरी १०.२ वरून ८ च्या खाली यावी. तीही हळूहळू.

डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. पहिली, इन्सुलिन दोन वेळ असताना ग्लिमेपिराइड चालू ठेवायची का? ही गोळीही शुगर उतरवते आणि तिचा अंमल लांबतो. दुसरी, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं? किडनीचं काम मंदावलं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं आणि पूर्वी चालणारा डोस जड पडायला लागतो. मेटफॉर्मिनचा डोसही किडनीवर ठरतो. रक्ताची ही साधी तपासणी आहे, लघवीतल्या प्रोटीनची आणि डोळ्यांच्या पडद्याचीही त्यासोबत करून घ्या.

रात्री पुन्हा घाम सुटला तर. आधी शुगर बघा, मीटर जवळ नसेल तर न बघताच उपचार करा. चहाचे तीन-चार चमचे साखर किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर अर्ध्या पेल्या पाण्यात. गूळ-शेंगदाणे किंवा दूध-बिस्कीट नको, त्यांनी शुगर चढायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढीच साखर. वर आली की थोडी भाकरी किंवा भात खायला घाला. घाबरून दहा-बारा चमचे साखर घातली की सकाळी शुगर तीनशेवर जाते आणि मग त्या आकड्याकडे बघून पुन्हा डोस वाढवला जातो. ग्लिमेपिराइड पोटात असल्याने शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या रात्री दोन-तीनदा तपासा आणि सकाळी डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, ठसका लागून श्वास अडकतो. कुशीवर वळवून १०८ ला फोन करा.

एकादशी आणि चतुर्थीबद्दल. सासूबाईंची श्रद्धा मोडायला मी सांगणार नाही. पण ‘आज जेवत नाही म्हणून इन्सुलिन नाही’ हे गणित चुकीचं आहे. साबुदाण्याची खिचडी, रताळं, बटाटा, वरून केळं, यांनी शुगर रोजच्या भाकरी-भाजीपेक्षा जास्त चढते आणि त्या दिवशी इन्सुलिन मात्र शून्य. शिवाय चतुर्थीला चंद्रोदयापर्यंत दिवसभर रिकाम्या पोटी आणि मग एकदम जेवण. पुढची एकादशी येण्याआधीच डॉक्टरांकडून उपवासाच्या दिवसाचा वेगळा डोस वहीत लिहून घ्या. निर्जळी उपवास त्यांना चालणार नाही. साबुदाण्याऐवजी भगर, दाण्याची आमटी, ताक, काकडी असं थोडं थोडं तीन-चार वेळा खाल्लं तर उपवासही होईल आणि शुगरही सांभाळली जाईल. उपवासाच्या दिवशी मीटर दोन वेळा जास्त लावा.

शेजारच्या काकूंना दुखवू नका, त्यांनी भावाचा पाय जाताना बघितलाय. पण त्यांच्या भावाचा पाय इन्सुलिनमुळे गेला नसणार. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की पायाच्या नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात, आणि आपल्याकडे तोपर्यंत इन्सुलिन टाळत राहतात. शेवटी सुरू करतात तेव्हा पाय आधीच हातचा गेलेला असतो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. तोवर, शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा त्याच्या प्रकारच्या मधुमेहाची मुलं काही महिन्यांत, फार तर एखाद-दोन वर्षांत दगावत असत. हा मुलगा त्यानंतर तेरा वर्षं जगला. मालकांनाही हे सांगा. इन्सुलिन अचानक बंद केलं तर सासूबाईंची शुगर चारशे-पाचशेवर जाऊन त्या पुन्हा त्याच वॉर्डात दाखल होऊ शकतात. पायाला एकदा जखम होऊन गेली आहे, तेव्हा रोज रात्री त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा, आणि अंगणातसुद्धा अनवाणी फिरू देऊ नका.

राहिले पुण्याचे दीर. त्यांचा जीव तुटतोय, ते स्वाभाविक आहे. त्यांना म्हणावं, सध्या एक चांगला ग्लुकोमीटर आणि पट्ट्या पाठवा, त्याचा आईला पुण्याच्या फेरीपेक्षा जास्त उपयोग होईल. पेन सोयीचं असतं, सुई बारीक असते, माप चुकायची शक्यता कमी होते. परवडत असेल तर पुढेमागे जरूर घ्या. पण पेनही त्याच गाठीत टोचलं तर फरक पडणार नाही, आणि पेन घेतलं की घरातली ४० ची बाटली आणि लाल सिरिंज वेगळी ठेवा.

सिरिंज, जागा, वही हे सगळं नीट होऊन दोन महिन्यांनीही उपाशीपोटीची शुगर २०० च्या खाली येत नसेल, रात्री पुन्हा पुन्हा शुगर उतरत असेल, क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, पायावर नवी जखम दिसली, किंवा उलट्या होऊन शुगर तीनशेच्या वर राहिली, तर वाट न बघता वरच्या रुग्णालयात न्या. यातली शेवटची दोन कारणं असतील तर त्याच दिवशी. जाताना वही, चालू बाटली आणि वापरात असलेली सिरिंज सोबत न्या, आणि डॉक्टरांसमोर एकदा स्वतः भरून दाखवा. तुम्ही भरताना त्यांनी बघितलं, तर कागदावरून कळत नाही ते त्यांना कळेल.